पैसा दूरचित्रवाणीचा, कॅमेरा स्वतःचा

ज्या माणसाचे चित्रपट वर्षानुवर्षे दूरचित्रवाणीच्या पैशावर उभे राहिले, त्याला स्वतंत्र दिग्दर्शक म्हणायचे ते कशाच्या आधारावर, असा सवाल वकीलसाहेबांनी टाकला आणि योहान व्हान डर क्योकन (१९३८–२००१) या डच माहितीपटकाराबद्दलची परवाची चर्चा तिथूनच पेटली. घर गहाण टाकून चित्रपट काढतो तो स्वतंत्र आणि बाकीचे सगळे पगारी, अशी त्यांची सरळ वाटणी आहे.

ती वाटणी आमच्या ध्वनिमुद्रक मित्राने लगेच मोडीत काढली. नेदरलँड्समध्ये प्रसारणाचा कारभार सभासदांच्या संस्थांकडे होता आणि ज्या संस्थेचे सभासद अधिक तिला प्रक्षेपणाचा वेळ अधिक मिळे. क्योकनच्या अनेक चित्रपटांच्या पाठीशी राहिलेली व्हीपीआरओ ही त्यांपैकीच एक. ती मूळची उदारमतवादी प्रोटेस्टंटांची, पण साठच्या दशकाच्या अखेरीस तिने पुरती कूस बदलली होती. पैसा कोणी दिला यापेक्षा देणाऱ्याने संकलनाच्या टेबलावर हात घातला का, हे पाहा, असे त्याचे म्हणणे होते. योरिस इवेन्स या त्याच्या आधीच्या पिढीतल्या डच माहितीपटकाराने १९३१ मध्ये फिलिप्स कंपनीसाठी चित्रपट केला आणि दोनच वर्षांत बेल्जियमच्या खाणकामगारांची दैना पडद्यावर आणली, तेव्हा कोणाचे मीठ खाल्ले यावरून माणसाचा निकाल लावता येत नाही, असेही त्याने सुनावले.

मास्तरांना हा हिशेबच फिजूल वाटत होता. वयाच्या सतराव्या वर्षी, १९५५ मध्ये, या पोराने आपल्या बरोबरीच्या मुलामुलींची छायाचित्रे पुस्तकरूपाने छापली आणि त्यातले उदास चेहरे पाहून वडीलधारी मंडळी अस्वस्थ झाली. तो वेगळा निघणार हे तेव्हाच दिसले होते, असे ते म्हणाले. पुढे पॅरिसच्या चित्रपटशाळेत शिकूनही त्याने कॅमेरा दुसऱ्याच्या हाती दिला नाही. मलाही हाच मुद्दा सर्वांत वजनदार वाटतो. त्याच्या चित्रपटांत एखादी चौकट स्थिरावते न स्थिरावते तोच ती किंचित बाजूला सरकते आणि पुन्हा मागे येते. पाहणारा माणूस कॅमेऱ्यामागे उभा आहे आणि त्याला वेगळे काही दिसले असते, याची ती जाणीव असते. कोणताही व्यावसायिक निर्माता असा झटका कापून टाकायला लावील.

वकीलसाहेबांनी मग मोर्चा केरळकडे वळवला. १९८८ च्या ‘विहिरीवरचा डोळा’ या चित्रपटासाठी तो तिथे गेला होता, आणि परदेशी माणूस कॅमेरा घेऊन आला की आपल्या दारिद्र्याचे प्रदर्शन मांडणार, हे ठरलेलेच, असा त्यांचा आक्षेप होता. प्रत्यक्षात त्या चित्रपटात शिकवण्या आहेत. कळरीतल्या, म्हणजे केरळी युद्धकलेच्या आखाड्यातल्या, कसरती आहेत, वेदपठण आहे. केरळच्या नंबुद्री ब्राह्मणांच्या परंपरेत गुरू शिष्याचे डोके हाताने धरून स्वरांच्या चढउताराप्रमाणे हलवतो, म्हणजे पाठांतर मानेत मुरवतो, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना क्योकन तिथे का रमला हे वेगळे सांगावे लागत नाही. आणि या सगळ्यांमधून एक सावकार हिंडत असतो, लहान लहान रकमा देतो आणि वसूल करतो. विद्या एका हातातून दुसऱ्या हातात जाते तसाच पैसाही जातो, आणि दिग्दर्शक दोहोंकडे सारख्याच कुतूहलाने पाहतो. यात दया दाखवल्याचा भाव मला तरी आढळला नाही.

पण मास्तरांनी क्योकनच्या १९६६ च्या ‘हेर्मान स्लोबे’ या चित्रपटाचा विषय काढला तेव्हा मात्र मी थोडा गप्प झालो. हेर्मान हा आंधळा मुलगा, तोंडाने शर्यतीच्या गाड्यांचे आवाज काढणारा, विलक्षण जिवंत. शेवटी दिग्दर्शक स्वतःच सांगतो की चित्रपटात हेर्मान हा केवळ एक आकार आहे, आणि त्या आकाराचा निरोप घेऊन पुढच्या कामाला निघतो. हा प्रामाणिकपणा की निर्दयपणा, यावर चहाचे दोन घोट झाले तरी एकमत झाले नाही. वकीलसाहेब म्हणाले, ‘स्वातंत्र्याची किंमत नेहमी दुसराच मोजतो.’ मास्तर म्हणाले, निदान या माणसाने ती लपवली नाही.

इतका वेळ ऐकत बसलेल्या ताईंनी सगळ्यांनाच अडवले. त्याच्या कितीतरी चित्रपटांचा ध्वनी त्याची पत्नी नोश्का व्हान डर लेली हिने मुद्रित केला आहे. मग हे स्वातंत्र्य एकट्याचे कसे? कर्करोगाचे निदान झाल्यावर त्याने भूतान, नेपाळ, माली, बुर्किना फासो, ब्राझील असा प्रवास करत ‘दीर्घ सुट्टी’ (२०००) केला, त्यातही ती बरोबर होतीच. ध्वनिमुद्रकाने मान डोलावली आणि व्यवसायातली गोष्ट सांगितली: दोघांच्याच पथकात माइक धरणारा माणूस कोणाकडे वळतो, त्यावरून कॅमेरा पुढे कुठे जाईल हे बरेचसे ठरत असते.

वकीलसाहेबांनी एवढे मान्य केले की हा मुद्दा त्यांच्या वाटणीत बसत नाही; पैशाबद्दलचा आक्षेप मात्र त्यांनी मागे घेतलेला नाही.