थांबलेल्या पेशीत जनुकं चालू कशी? – आरोग्यसेविका ताईंच्या प्रतिक्रियेला उत्तर

ताई, तुमचे आक्षेप दोन. पहिला, हायड्रॉक्सियुरिया हे औषध दिल्यावर यीस्टची (एकपेशीय बुरशीची) पेशी थांबते असंही मी लिहितो आणि तिची जनुकं चालू राहतात असंही लिहितो, हे दोन्ही खरं कसं? दुसरा जास्त टोचणारा. गडचिरोलीच्या कुरखेडा तालुक्यात तुमच्या उपकेंद्रात एसएस पॅटर्नची, म्हणजे सिकलसेल आजाराची मुलं हेच औषध घेतात, आणि एका आईने माझा लेख मोबाईलवर दाखवून "हे तर पेशी अडवणारं औषध, बंद करू का?" असं विचारलं.

आधी त्या आईचं. कॅप्सूल स्वतःच्या मनाने बंद करायची नाही, तो निर्णय डॉक्टरांचा. प्रयोगशाळेत यीस्ट अडवायला साधारण 200 मिलिमोलर हायड्रॉक्सियुरिया घालतात, म्हणजे लिटरमागे 15 ग्रॅम. 500 मिलिग्रॅमच्या तीस कॅप्सूल एका लिटरच्या बाटलीत! मुलांना सुरुवातीला दिवसाला किलोमागे 10 ते 15 मिलिग्रॅमच्या आसपास देतात. तीस किलोच्या पोराच्या अख्ख्या अंगाला एक कॅप्सूलही पुरी लागत नाही.

पण काहीच होत नाही, असंही मी म्हणणार नाही. यीस्टमध्ये आणि माणसात हे औषध एकाच एन्झाइमला धरतं. रायबोन्यूक्लिओटाइड रिडक्टेज त्याचं नाव, डीएनएसाठी लागणारा कच्चा माल तेच तयार करतं. अस्थिमज्जेतल्या पेशी सतत विभागत असतात, त्यामुळे तिथे परिणाम जाणवतो. पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट फार उतरू नयेत म्हणूनच डॉक्टर वरचेवर सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी करायला लावतात. त्याच औषधाने गर्भातल्या बाळाच्या रक्तात असतं ते हिमोग्लोबिन पुन्हा वाढतं, लाल पेशी वाकड्या होणं कमी होतं, दुखण्याचे झटके कमी येतात. "घडीघडी रक्त कशाला काढता?" असं विचारणाऱ्यांनाही हेच सांगता येईल.

आता थांबण्याचं. कच्चा माल संपला की डीएनएची नक्कल करणारी यंत्रणा वाटेत अडते आणि डीएनएचा एकच धागा उघडा पडतो. मेक1 हे प्रथिन ते ओळखतं आणि रॅड53 ला जागं करतं. पेशी विभाजनाकडे जात नाही ती रॅड53 मुळे. मात्र ती झोपी गेलेली नसते.

विभाजनाच्या फेरीत डीएनएची नक्कल सुरू होण्याच्या तोंडावर यीस्टमध्ये दोनशेच्या आसपास जनुकं एकदम चालू होतात. त्यांना चालू करणारे मुकादम दोन, एसबीएफ आणि एमबीएफ हे प्रथिनांचे गट. एसबीएफच्या ताब्यात मुख्यतः फेरी सुरू करून देणारी जनुकं, उदाहरणार्थ सीएलएन1 आणि सीएलएन2. एमबीएफच्या ताब्यात मुख्यतः डीएनए बनवायची आणि दुरुस्तीची, त्यात आरएनआर1 म्हणजे त्याच रिडक्टेजचा एक भाग. एरवी नक्कल सुरू झाली की दोन्ही गट बंद होतात. एसबीएफला पुढच्या टप्प्यातली सायक्लिन-किनेजची जोडी (फेरी पुढे नेणारी प्रथिनं) बाजूला सारते. एमबीएफला एनआरएम1 हे प्रथिन गप्प करतं, आणि गंमत म्हणजे एनआरएम1 चं जनुक एमबीएफच चालू करतं! स्वतःला आवरणारा त्याने स्वतःच नेमलेला.

नक्कल अडून ताण आला की रॅड53 या एनआरएम1 वर फॉस्फेट चिकटवतं, ते डीएनएवरून सुटतं आणि एमबीएफची जनुकं चालूच राहतात. एसबीएफची मात्र बंदच. रोवणीत पाऊस दडी मारतो तेव्हा आपल्याकडे काय करतात? नव्या बांधीला कुणी हात लावत नाही, पण अर्ध्यावर आलेल्या बांधीला मामा (माजी मालगुजारी) तलावाचं पाणी सोडतात. पेशीही नवी फेरी काढत नाही, हातातली पुरी करायचा माल मात्र बनवत राहते. म्हणून माझी दोन्ही वाक्यं तशीच ठेवतो.

सगळं श्रेय एनआरएम1 ला द्यायचं कारण नाही. अडलेली यंत्रणा डीएनएवरून कोलमडू न देणं हे रॅड53 चं याहून मोठं काम आहे. रॅड53 नसलेल्या पेशी औषध धुऊन काढल्यावरही बहुतेक सावरत नाहीत. रॅड53 असलेल्या साध्या पेशी पुढे निघतात.

"यीस्टचं माणसाला काय?" हे तुम्ही जाता जाता विचारलंत. एनआरएम1 ची ही तऱ्हा 2008 मध्ये आधी विखंडन पावणाऱ्या यीस्टमध्ये दिसली, 2012 मध्ये अंकुर फुटणाऱ्या यीस्टमध्ये. ही दोन यीस्टं एकमेकांची फार दूरची नातलग, तरी युक्ती तीच. आणि 2013 मध्ये माणसाच्या पेशींत, नावं वेगळी: तिथे चेक1 हे प्रथिन ई2एफ6 या आवरणाऱ्याला दूर करतं. एसबीएफ-एमबीएफच्या आणि ई2एफच्या (माणसातल्या मुकादमांच्या) अमिनो आम्लांचा क्रम एकमेकांशी जुळत नाही. तरीही ताणात आवरणाऱ्यालाच हटवायचं, हा मार्ग दोन्हीकडे सापडला.