दार लावून विचारलेला प्रश्न

डिसेंबर 2024 मध्ये नागपुरात मोहन भागवत म्हणाले, जन्मदर (म्हणजे बाईमागे सरासरी मुलं) 2.1 च्या खाली जाता कामा नये, तेव्हा दोनाऐवजी तीन मुलं हवीत. तेव्हापासून आमच्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अधूनमधून वाद पेटतो. काही जण तीनच्या बाजूचे. बाकीचे महाराष्ट्राच्या 2005 च्या नियमांचा दाखला देतात : दोनपेक्षा जास्त मुलं असतील तर सरकारी नोकरी नाही. न्यू जर्सीत सकाळी उठून मी हे वाचते आणि जीव तुटतो. ज्यांना हे निभवायचं त्या बायकांना काय हवंय, एवढंच कुणी विचारत नाही.

मला तो प्रश्न पहिल्यांदा विचारला गेला इथल्या एका कम्युनिटी क्लिनिकमध्ये. नोकरी सुटली होती, तिच्याबरोबर विमाही गेला होता. इथे विमा नसला की साध्या तांबीच्या बिलानेही धडकी भरते. काउंटरवरच्या बाईंनी घरात माणसं किती, मिळकत किती, हे विचारून फी ठरवली. टायटल टेन ही इथल्या केंद्र सरकारची कुटुंबनियोजनाची योजना 1970 पासून आहे. दारिद्र्यरेषेखालच्यांना पैसे पडत नाहीत, त्यावरच्यांना मिळकतीप्रमाणे सवलत. मग नर्सने माझ्या नवऱ्याला बाहेर थांबायला सांगितलं, दार लावलं आणि विचारलं, "पुढच्या वर्षभरात मूल हवंय?"

मी सवयीने म्हणाले, "आमचं अजून ठरलं नाही."

"तुम्हाला स्वतःला?"

मला पटकन उत्तर सुचलं नाही. ती घाई न करता बसून राहिली.

तिकडे भारतात माझ्या मावसबहिणीला पाळणा लांबवायचा होता. बाळ सव्वा वर्षाचं. तांबी बसवायला गेली, तर सगळ्या रांगेदेखत ऐकवलं, "मिस्टरांना घेऊन या, सही लागेल." असा कुठलाही कायदा नाही. नसबंदीलासुद्धा नवऱ्याची संमती लागत नाही, आणि गर्भपातासाठी सज्ञान बाईची स्वतःची सही पुरते. ती तशीच परत आली. चार महिन्यांत दिवस राहिले.

पैशाची अडचण आपल्याकडे सरकारी केंद्रात नाहीच म्हणा. तांबी, गोळ्या, 2017 पासून अंतरा हे गर्भनिरोधक इंजेक्शन, सगळं फुकट. 1952 साली देशपातळीवर कुटुंबनियोजनाचा सरकारी कार्यक्रम सुरू करणारा भारत हा जगातला पहिला देश. त्याच्याही कितीतरी आधी, 1921 मध्ये, र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि त्या कामापायी प्राध्यापकी घालवली. इतकं सगळं असून 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात बायकांच्या नसबंदीचं प्रमाण 37.9 टक्के आहे आणि पुरुषांच्या 0.3. पुरुषाची बिनटाक्याची शस्त्रक्रिया कितीतरी सोपी, तरी "आता ऑपरेशन करून टाक" हे बाळंतिणीलाच ऐकवलं जातं, तेही तिचं अंग अजून सावरलेलं नसताना. याचा मला राग येतो.

अमेरिका आपल्यापुढे आहे, असंही मी म्हणत नाही. जून 2022 मध्ये इथल्या सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचा घटनात्मक हक्क काढून घेतला आणि कित्येक राज्यांत बंदी आली. त्याच सप्टेंबरमध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 24 आठवड्यांपर्यंतच्या गर्भपाताच्या तरतुदीत अविवाहित बाईलाही विवाहितेइतकाच हक्क आहे, असं सांगितलं. त्या दिवशी ऊर भरून आला होता.

कायदा आहे, औषधं आहेत, आशाताई घरोघर जातात. नाही ते दार. हेच मी ग्रुपवर लिहिलं : उपकेंद्रात एक पडदा लावा, नवऱ्याला आणि सासूला दोन मिनिटं बाहेर बसवा. बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग आमच्या वर्गातली एक जण, ती तालुक्याला नर्स आहे, तिने उत्तर दिलं, "अगं, आमच्याकडे खोली एकच. मी वजन करायच्या निमित्ताने एकेकीला कोपऱ्यात नेते आणि तिथे विचारते."