टनेल जंक्शन आणि यंत्रमागाचे वीजबिल

टनेल जंक्शनवरील प्रयोगांसाठी भौतिकशास्त्राचे २०२५ चे नोबेल जॉन क्लार्क, मिशेल देवोरे आणि जॉन मार्टिनिस यांना जाहीर झाल्यापासून सोलापुरातील यंत्रमागधारकांच्या गटांत एक संदेश फिरतो आहे. अतिसंवाहक टनेल जंक्शनला रोध नसतो, ते जितके थंड करावे तितकी वीज अधिक वाहते, आणि ते डीपीवर बसवले की कारखान्याचे बिल शून्यावर येईल, असे त्यात म्हटले आहे.

पहिले विधान अर्धेच खरे आहे. या जंक्शनमध्ये दोन अतिसंवाहकांच्या, म्हणजे पुरेसे थंड केल्यावर विजेला रोध न करणाऱ्या पदार्थांच्या, मध्ये जेमतेम एक-दोन नॅनोमीटर जाडीचा निरोधक थर असतो आणि त्यातून इलेक्ट्रॉनांच्या जोड्या शून्य विद्युतदाबाला पार होतात, हे भौतिकशास्त्रज्ञ ब्रायन जोसेफसन यांनी १९६२ मध्ये वर्तवले व पुढच्याच वर्षी ते प्रयोगात दिसले. मात्र या प्रवाहाला कमाल मर्यादा असते. ती ओलांडताच नायोबियम या धातूच्या जंक्शनवर एकदम सुमारे २.८ मिलिव्होल्ट दाब उभा राहतो, आणि तिथून पुढे ऊर्जा खर्च होऊ लागते.

दुसरे विधान तर बरेचसे उलटे आहे. जोडी फोडण्याइतका दाब नसेल, तर एकेकट्या इलेक्ट्रॉनांचा प्रवाह उष्णतेने आधीच फुटलेल्या जोड्यांवर अवलंबून असतो, आणि थंडी वाढली की अशा जोड्या झपाट्याने घटतात. आदर्श नायोबियम जंक्शन ४.२ केल्व्हिनवरून (सुमारे उणे २६९ अंश सेल्सिअस) २.१ केल्व्हिनवर नेले, तर हा प्रवाह पन्नास-साठ पटींनी कमी होतो. प्रत्यक्षात थरातील दोषांमुळे थोडी गळती उरते, म्हणूनच या कमी दाबाच्या पट्ट्यातील रोध जितका मोठा तितके जंक्शन चांगले मानतात. जोड्यांचा प्रवाहही अमर्याद वाढत नाही. क्रांतिक तापमानाच्या, म्हणजे ज्याखाली पदार्थ अतिसंवाहक होतो त्या तापमानाच्या, निम्म्यावर येईपर्यंत तो कमाल मूल्याच्या सुमारे ९० टक्क्यांवर पोहोचलेला असतो. ज्या प्रयोगांना नोबेल मिळाले त्यांतही एका तापमानाखाली जंक्शनचे शून्य दाबाच्या स्थितीतून निसटणे तापमानावर अवलंबून राहिनासे झाले, आणि पुंज (क्वांटम) परिणामाची ती मोठी खूण ठरली.

राहिले बिल. जंक्शनमधून १ मिलिअँपिअर प्रवाह धरला, तर त्याचा आणि २.८ मिलिव्होल्टचा गुणाकार २.८ मायक्रोवॉट होतो, तर एक अश्वशक्तीची मोटर ७४६ वॉट मागते. शिवाय जंक्शन वीज निर्माण करत नाही. उन्हाळ्यात सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो. अशा हवेत ४.२ केल्व्हिनवरची १ वॉट उष्णता उपसण्यास सिद्धांतानुसारच किमान ७३ वॉट लागतात आणि प्रत्यक्ष शीतयंत्रे त्याच्या कैक पट वीज खातात. त्या यंत्रांच्या बिलाचा उल्लेख संदेशात कुठेच नाही.