‘जाणकारांवर सोडा’ म्हणणाऱ्या वाचकांना उत्तर

‘स्वयंपाकघराचं काम काढताना’ या माझ्या लेखावर एका वाचकांनी लांबलचक प्रतिक्रिया दिली आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: सिंकखाली कडप्प्याचे कप्पे हा जुन्या जमान्यातला विचार आहे, मरीन प्लायला, म्हणजे पाण्याला टिकणाऱ्या प्लायवुडला, पाण्याने काही होत नाही. ग्रॅनाइटवर डाग पडत नाहीत हे चूक. चिमणीबद्दल काही नाही, खर्चाचा आकडा नाही. आणि शेवटी हे वाक्य: ‘ताई, स्वयंपाक करणं वेगळं आणि किचन करणं वेगळं, ते जाणकारांवर सोडा.’

ग्रॅनाइटचं तुमचं बरोबर आहे. फिक्या रंगाचा दगड हळदीचं तेल पितो, त्याला सीलर लावून घ्यावा लागतो. माझा ओटा काळा, म्हणून ते माझ्या लक्षात आलं नाही. लेखात दुरुस्ती केली आहे.

पण ते शेवटचं वाक्य मी सोडून देणार नाही. ताई म्हणायचं आणि त्याच दमात गप्प बसायला सांगायचं, याला मान देणं म्हणत नाहीत. माझ्या जागी एखादा पुरुष असता तर त्याला तुम्ही ‘दादा, जेवणं वेगळं’ असं लिहिलं असतंत का?

माझ्या आईची उंची चार फूट दहा इंच. तिचा ओटा एका जाणकारानेच घातला होता, ३४ इंचांचा, कारण ‘सगळीकडे तेवढाच ठेवतात’. तिने विचारलं तेव्हा तिलाही हेच उत्तर मिळालं होतं, की तुम्हाला त्यातलं कळत नाही. बावीस वर्षं ती लाकडी पाटावर उभी राहून पोळ्या लाटत होती. पाटावरून उतरायचं, फ्रीजपाशी जायचं, परत चढायचं. तिचा उजवा खांदा कायमचा दुखरा झाला. मी माझं काम काढलं तेव्हा गवंड्याला आधी टेप लावू दिली नाही. बसक्या टीपॉयवर रद्दीचे गठ्ठे रचले, वर पोळपाट ठेवला आणि कणीक मळून खरोखरच्या पोळ्या लाटल्या. एकेक गठ्ठा काढत गेले. पोळपाट कोपराच्या चार-पाच इंच खाली आला तेव्हा खांदा उचलला जायचा थांबला. पोळपाटाची उंची वजा करून ओटा निघाला ३१ इंचांचा. हे मला कुठल्या इंटिरियरवाल्याने सांगितलं नाही. रोज त्या ओट्यापाशी जी उभी राहते तिलाच ते कळू शकतं, आणि माझा सगळा लेख याच एका गोष्टीवर होता. तो तुम्ही नीट वाचला असता तर हे वाक्य लिहिलं नसतंत.

आता कडप्पा. २०११ मध्ये डोंबिवलीच्या घरात आम्ही सगळं जाणकारांवरच सोडलं होतं. मरीन प्लाय म्हणून पैसे मोजले. तिसऱ्या पावसाळ्यात सिंकखालून कोंदट वास यायला लागला. फिनेलच्या बाटल्या बाजूला काढल्या तर मागच्या कोपऱ्यात सनमायका पोळीसारखा फुगलेला. बोट दाबलं तर आतून ओला भुसा हाताला लागला, बिजागरीचे स्क्रू गंजून हातात आले. सिंकच्या ट्रॅपच्या, म्हणजे खालच्या वाकड्या नळीच्या, नटातून थेंब-थेंब गळत होतं, इतकं कमी की बादलीही भरली नसती. तुम्ही म्हणाल, ते मरीन प्लाय नव्हतंच. नव्हतंच! पण वरून सनमायका चिकटवल्यावर गिऱ्हाइकाला ते दिसणार कसं? आयएस ७१० चा, म्हणजे मरीन प्लायच्या भारतीय मानकाचा, शिक्का पाहायचा असतो आणि तो कापण्याआधी पाहायचा असतो, हे तेव्हा मला कोणी सांगितलं नाही. अस्सल ७१० प्लाय उकळत्या पाण्याच्या ७२ तासांच्या चाचणीतून जातं, हे मलाही ठाऊक आहे. पण स्क्रूची भोकं आणि कापलेल्या कडा रोज ओल्या राहिल्या तर बिजागरीची पकड सुटते. कडप्प्यावर पाणी सांडलं तर फडक्याने पुसायचं, विषय संपला. तो जड असतो, जागा खातो, हे खरं. म्हणूनच मी फक्त सिंकखाली म्हटलं होतं, सगळीकडे नाही. ओट्यावर तर कडप्पा घालूच नका असंही त्याच लेखात आहे: तो चुनखडीचा दगड, लिंबू आणि चिंच त्याला खातात.

चिमणीवर वेगळं लिहीन. खर्चाचा आकडा मी मुद्दामच देत नाही. माझ्या गवंड्याची मजुरी तुमच्या गावात लागू होणार नाही, आणि लोक तो आकडा घेऊन भांडत बसतात.

तुमची प्रतिक्रिया मी काढणार नाही, ती तशीच राहू दे. फक्त पुन्हा लिहिण्याआधी एक करा. तुमच्या घरी सिंकखालचं दार उघडा, बाटल्या बाहेर काढा आणि मागच्या कोपऱ्यात, भिंतीला चिकटलेल्या कडेवर बोट दाबून बघा. तो कोपरा रोज कोण पुसतं, तेही घरात विचारा.