अण्णांची दुनळी

आज मखमलाबाद रोडला एका लॉन्सवर हळद होती. भाचा आला, वय अठ्ठावीस, आणि फोटो काढताना बरोब्बर त्याचा शर्ट वर गेला. कमरेला बत्तीसचं पिस्तूल. हळदीला! मी म्हटलं झाक ते, तर म्हणतो "आत्या, लायसन्सचं आहे." आणि वर हे, "अण्णांची ती दुनळी बंदूक जमा करून टाकू ना, आता एकाला दोनच हत्यारं ठेवता येतात, दुसऱ्या जागेवर मला पंप अॅक्शन बंदूक घ्यायचीय."

तेव्हापासून डोकं फिरलंय माझं.

अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, ही बारा बोरची दुनळी निफाडच्या घरात माझ्या जन्माआधीपासून आहे, शेती संरक्षणाचा परवाना. कोल्ह्याला द्राक्षं आंबट हे पुस्तकात, आमच्या बागेत तो रात्रीतून घड साफ करायचा. अशाच एका रात्री अण्णांनी हवेत बार काढला, आमची गाभण गाय बिथरली, दावं तोडून चारीत पडली आणि कायमची लंगडी झाली. अण्णांची काडतुसांची वही होती, एकेक नग लिहायचे. त्या दिवशी लिहिलं, "१ नग. चूक."

बस. एवढंच. बंदूक म्हणजे त्यांच्यासाठी फवारणीचा पंप, कुदळ, तसलं अवजार. निवडणूक आली की गोधडीत गुंडाळून पोलीस स्टेशनला जमा करायची आणि पावती देवघरात ठेवायची, २०२४ ला तर लोकसभा आणि विधानसभा मिळून दोनदा. दसऱ्याला झेंडू वाहायचा. कुणाला दाखवायची वस्तूच नव्हती ती. आणि ह्या पोरांचं काय, तर नऊ एमएमचं पिस्तूल आपल्याला मिळत नाही याचं दुःख! अरे कशासाठी हवंय तुला नऊ एमएम, कोल्हे तरी उरलेत का?

बरं, मान्य, दुनळी घेऊन अॅक्टिव्हावर फिरता येत नाही, आणि जमिनीचे भाव वाढल्यापासून भीती माणसांचीच जास्त आहे. आणि खोटं कशाला बोलू, माझ्या लग्नात मामांनी मांडवात दोन बार काढले होते आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीसुद्धा. आज तेच केलं तर शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, नाहीतर दोन्ही. झालं ते बरंच झालं. पण मामांनी ती बंदूक नंतर कपाटात ठेवली हो, कमरेला लावून पंगतीत नाही बसले.

चिडून लिहितेय खरं, पण पोरगं वाईट नाहीये. अण्णांनी नळी पुसायला मला शिकवलं, त्याला कधी हातच लावू दिला नाही, मग तो रीलवरूनच शिकणार ना. ती "चूक" लिहिलेली वही त्याने बघितलेलीसुद्धा नाही.

अण्णा आता एक्क्याऐंशीचे. हात थरथरतात. २०१६ च्या शस्त्र नियमांत सोय आहे, धारकाची सत्तरी झाली किंवा हत्यार २५ वर्षं बाळगलं की वारसाला जिवंतपणीच अर्ज करता येतो. भाचा तो अर्ज कधी करतो याचीच अण्णा वाट बघतायत. तो हळदीत काय बोलला ते मी अजून सांगितलेलं नाही.

मघाशी त्यांचा फोन आला होता, उद्या येताना शिलाई मशीनचं तेल आण म्हणे, पोराच्या हातात द्यायच्या आधी दोन्ही नळ्या नीट पुसून ठेवतो.