मावशी, जरा फ्रेमच्या बाहेर हो ना

मागच्या महिन्यात भाच्याने शॉर्ट फिल्म केली. बारा मिनिटांची. नायक पुण्यात आयटीत असतो, एक दिवस नोकरी सोडतो, इंदूरला आजीच्या घरी येतो, गच्चीवर टोमॅटो लावतो, झोपाळ्यावर पडून राहतो आणि शेवटी आभाळाकडे बघून हसतो. विषय काय, तर कामाचे आणि विश्रांतीचे वेगळे मार्ग. आजीचं घर म्हणजे रामबागेतलं आमचं घर, कारण कड्यांचा सागवानी झोपाळा ओळखीत आता आमच्याकडेच उरलाय.

तीन दिवस शूटिंग, नऊ मुलं. पहिल्या सकाळी किलोभर पोहे भिजवले, ते साडेनऊच्या आत संपले. शेव आणि जीरावन संपलं ते वेगळंच. तिसऱ्या दिवशी झोपाळ्याचा सीन होता. पहाटेचा उजेड हवा म्हणून सगळे साडेपाचला हजर, म्हणजे मी पाचला ओट्याशी. नायक पडलाय, कड्या कुरकुरतायत, मी नेहमीच्या सवयीने त्याचा रिकामा कप उचलायला गेले. कॅमेऱ्यामागून आवाज आला, "मावशी, जरा फ्रेमच्या बाहेर हो ना."

झाले बाहेर. राग नाही आला, खरंच. पण नंतर फिल्म बघताना माझी नजर त्या कपावरच. त्याच्या हातात कप येतो, वाफ निघत असते. पुढच्या शॉटमध्ये कप गायब. कोणी दिला, कोणी नेला, काही पत्ता नाही. शेवटी नावांच्या यादीत, 'विशेष आभार : मावशी (पोहे)'.

त्याने मला याच विषयावरच्या दहा-बारा फिल्म पाठवल्या होत्या. 'मावशी, बघ जगात काय चाललंय.' बघितल्या, एक आठवडा रोज रात्री, आवराआवर झाल्यावर. कोणी डोंगरात जाऊन पाव भाजतो, कोणी चाकावर माती फिरवतो, कोणी फोन बंद करून तळ्याकाठी बसतो. फोटोग्राफी सुरेख. पण एकूण एक फिल्ममध्ये विश्रांती म्हणजे एकट्या माणसाने एकट्याने घेतलेला धाडसी निर्णय. भांडी कुठेच नाहीत. त्या पाववाल्याच्या घरी म्हातारी आई असेल, तर तिची औषधं कोण बघतंय?

या पोरांची चीड मला कळते. कोणी मोठा माणूस उठतो आणि आठवड्याला ७० तास काम करा म्हणतो, दुसरा ९० वर जातो. असं ऐकल्यावर झोपाळ्यावर पडायची इच्छा होणारच. पण तास मोजायचेच तर सगळ्यांचे मोजा. सरकारच्याच २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जात होती, करणाऱ्या पुरुषांची ९७. पाच तास रोज, आणि रविवार त्यातून वगळलेला नाही. ब्रिटनमध्ये २०२२ साली ६१ कंपन्यांनी पूर्ण पगारात चार दिवसांचा आठवडा करून बघितला. छानच. आमच्या ओट्याला ते कळवायचं राहिलं.

रविवारावरून आठवलं. तो आपल्याला पंचांगातून आयता मिळाला असंच आपण धरून चालतो. नारायण मेघाजी लोखंड्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना एकत्र करून १८८४ मध्ये मागण्या मांडल्या, त्यात रविवारची सुट्टी होती आणि दुपारी अर्धा तास विसाव्याचीही मागणी होती. सुट्टी मिळाली १० जून १८९० ला. सहा वर्षं! नोकरी सोडून कोणी डोंगरात गेला नव्हता. हजारो माणसांनी सह्या केल्या, सभा भरवल्या, तेव्हा कुठे हातात एक दिवस पडला. यावर फिल्म करा की रे. झोपाळा लागला तर मी देते.

भाच्याला म्हटलं, अरे, सिनेमाची सुरुवातच या विषयापासून झालीय. १८९५ मध्ये ल्युमिए या फ्रेंच बंधूंनी ल्योंमधल्या आपल्याच घरच्या, फोटोच्या प्लेटा बनवणाऱ्या कारखान्यासमोर कॅमेरा लावला आणि सुटल्यावर बाहेर पडणारे कामगार टिपले. मिनिटभराचीही नाही ती फिल्म. पुढच्याच वर्षी, ७ जुलै १८९६ ला, मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ती दाखवलीसुद्धा. तुम्ही नेटवर बघितली नसेल तर बघा. फाटक उघडतं आणि माणसं भराभरा निघतात, त्यात बायका कितीतरी, लांब झगे आणि टोप्या घातलेल्या, मध्येच एक कुत्रा. गंमत म्हणजे हे एकदा नाही, तीनदा चित्रित केलंय. एका फिल्ममध्ये गाडीला एक घोडा आहे, एकीत दोन, एकीत घोडाच नाही. म्हणजे मालकाने सांगितलं, 'चला, आता सुटा', आणि कामगार सुटले. सुटण्याचं दृश्यसुद्धा हुकमाचंच काम! आणि फाटकातून भराभरा निघालेल्या त्या बायका जायच्या कुठे? दुसऱ्या पाळीला. घरच्या. तिथवर कॅमेरा गेला नाही.

हारून फारोकी या जर्मन दिग्दर्शकाने तिथवर जायची एक युक्ती काढली, असं मला वाटतं. बायको अंत्ये एहमानबरोबर त्याने २०११ पासून पंधरा शहरांत कार्यशाळा घेतल्या, आपलं बंगळूरही त्यात होतं. नियम साधा : विषय काम, मग ते पगारी असो की बिनपगारी, एक-दोन मिनिटं, एकच सलग शॉट, कुठेही कापायचं नाही. कापायचं नाही यातच सगळं आलं. कापलं नाही की कप आपोआप नाहीसा होऊ शकत नाही. कोणीतरी येऊन तो उचलावाच लागतो.

आणि इंदुरात अशा फिल्मना विषयांचा काय तोटा? सराफ्यात दिवसभर ज्या ओट्यासमोर सोनं तोललं जातं, तिथेच रात्री शटर पडल्यावर भुट्ट्याचा कीस परतला जातो. ओट्याला दोन पाळ्या. सीतलामाता बाजारात साडीचा जुना दुकानदार गादीवर बसतो, त्याची माणसंही गादीवर, गिऱ्हाईकही गादीवर. मॉलमधल्या काउंटरची पोरगी मात्र पूर्ण पाळी उभी. केरळने २०१८ साली दुकानातल्या माणसांना बसायचा हक्क कायद्याने दिला, तमिळनाडूने २०२१ मध्ये. कशाचा हक्क? स्टुलाचा! त्या पोरीची नुसती पावलं एक मिनिट दाखवा, भार या पायावरून त्या पायावर जाताना.

पण माझ्या मनातली फिल्म वेगळी आहे. आमच्या गल्लीत एक काका होते, इथल्या एका मिलमध्ये फिटर. मिल बंद पडली. इंदूरकरांना हे नवं नाही. हुकुमचंद मिल १२ डिसेंबर १९९१ ला बंद झाली आणि कामगारांच्या थकलेल्या २२४ कोटींचा धनादेश निघाला २५ डिसेंबर २०२३ ला. तोवर कितीतरी जण गेले. तर काका. वर्षभर घरी, बनियनवर, ओट्यावर पेपर. काकू म्हणायच्या, 'आता आरामच आराम', आणि म्हणताना भाजीवर सुरी जरा जोरात पडायची. पण गणपती जवळ आले की काका खाकी शर्ट चढवून सायकल काढत. बंद मिलच्या गेटातून आत, झांकी, म्हणजे विसर्जनाच्या मिरवणुकीतला हलता देखावा बनवायला! पगार शून्य. झांकीचा खर्च वर्गणीतून.

मी बारा-तेरा वर्षांची असताना एकदा डबा घेऊन गेले होते. शेडमध्ये वेल्डिंगचा वास, लगद्याचा अर्धवट कालिया नाग, फणा अजून रंगवायचा राहिलेला. काका सायकलच्या रिमवर पट्टा चढवून मोटारीला जोडत होते, कृष्णाचा हात वर-खाली व्हावा म्हणून. हात वर जायचा आणि अडकायचा. पुन्हा पट्टा काढ, पुन्हा चढव. तासभर मी बघत बसले, ते डबा उघडेनात. शेवटी हात नीट वर गेला, खाली आला, परत वर. काकांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "घरी बसून कंबर दुखते गं. इथे उभा असतो, तर नाही दुखत."

अनंत चतुर्दशीच्या रात्री ती झांकी दिव्यांनी लखलखत रस्त्यावर आली. अख्खं इंदूर जागं, पुढे आखाडे, लाठ्या फिरवणारी पोरं. काका गर्दीत नव्हते, झांकीखाली ट्रॉलीत बसून पट्टा सांभाळत होते. ल्युमिएंनी बाहेर पडणारे कामगार दाखवले. इथे कारखाना बंद, आणि कामगार आत चाललेत. याला काम म्हणायचं की विश्रांती, मला आजही सांगता येत नाही. डबा मात्र दहाही दिवस काकूच करून पाठवायच्या, म्हणून फिल्म काढलीत तर पहिला शॉट त्यांच्या स्टोव्हचा घ्या.

भाच्याला हे सगळं सांगितलं. त्याने दोनदा मान हलवली, मग म्हणाला, "मावशी, सॉलिड आहे. याचं शूटिंग पण तुझ्याकडेच करू, तुझं स्वयंपाकघर जुनं दिसतं." बरं म्हटलं. पोहे मात्र छप्पन दुकानच्या खाऊगल्लीतून आणायचे, असं आत्ताच सांगून ठेवलंय.