वारसाहक्काच्या घराचं वर्ष चुकलं आहे

वारशाने मिळालेल्या घराचं इंडेक्सेशन (विक्रीच्या नफ्यावरचा कर काढताना खरेदी किंमत महागाईनुसार वाढवून धरणं) 'वारसाला मालकी मिळाली त्या वर्षापासून' करायचं, हे घरविक्रीवरच्या कराबद्दलच्या तुमच्या लेखातलं वाक्य कृपया दुरुस्त करा. मूळ मालकाने घर घेतलं ते वर्ष धरायचं, असं मुंबई उच्च न्यायालयाने 2011 मध्येच स्पष्ट केलं आहे (ते प्रकरण बक्षीस मिळालेल्या फ्लॅटचं होतं, पण वारसाहक्कालाही तोच नियम).

आमचंच उदाहरण देतो. बाबांनी 1989 मध्ये घेतलेला फ्लॅट ते गेल्यावर 2014 मध्ये माझ्या नावावर झाला. डिसेंबर 2024 मध्ये 50 लाखांना विकला. 1 एप्रिल 2001 चं मूल्य 8 लाख (घर त्याआधीचं असल्याने खरेदी किंमत म्हणून हेच मूल्य आणि वर्ष म्हणून 2001-02 धरायचं). आमच्या सल्लागाराने 2014-15 चा महागाई निर्देशांक 240 धरला, त्यामुळे खरेदी किंमत 12.10 लाखच झाली आणि इंडेक्सेशनशिवायचा 12.5 टक्के दर, म्हणजे सव्वापाच लाख कर, स्वस्त दिसला. 2001-02 चा 100 धरून विक्रीच्या वर्षाच्या 363 ने गुणल्यावर किंमत 29.04 लाख, आणि इंडेक्सेशनसह 20 टक्क्यांनी कर 4.19 लाख. सेस (करावरचा उपकर) वेगळा. लाखाहून जास्त रक्कम केवळ एका वर्षाच्या चुकीने गेली असती! जुलै 2024 आधी घेतलेल्या घरांसाठी या दोन्ही पद्धतींतला कमी कर लागू होतो, पण तुलनेतला एक आकडाच चुकीचा असेल तर त्या सवलतीचा उपयोग काय?